विचारा बिनधास्त: कडेवर पोर आणि परदेशातलं शहर

गेल्या अंकात परदेशवारीचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर आले ते जवळपास सगळे लहान मुलांच्या आईबाबांचे नाहीतर आजीआजोबांचे. म्हणून या वेळी दुसरं काही घेतच नाही. ज्यांची पत्रं लांबलचक होती ती कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न: काकू, आम्ही पावसचे. घरची आंब्याची बाग आहे त्यामुळे मार्च ते मे बाहेर पडायचं नाव नको, नंतर गणपती. म्हणजे उरतो जून. मुलगी साडेतीन वर्षांची, बालवाडीत आहे, आठवडाभर बुडाली तरी बाई काही म्हणणार नाहीत. सासू-सासरे पण येणार. पाच रात्री जमतील. मिस्टर म्हणतात दुबई, त्यांचे मित्र जाऊन आलेत. मला सिंगापूर वाटतंय. टूरवाल्याने सिंगापूर-मलेशिया एकत्र पॅकेज दिलंय, पाच रात्रीत दोन देश, सगळं बसने. घ्यावं का? आणि एवढ्या लहान मुलीला घेऊन दिवसभर करायचं काय?

उत्तर: अगं, जून म्हटलंस तिथेच दुबईचा निकाल लागला. जूनमध्ये तिकडे पारा चाळीसच्या वर, मोठी माणसं पण गाडीतून मॉलमध्ये आणि मॉलमधून गाडीत, मग तुझी लेक बाहेर खेळणार कधी? दुबई वाईट नाही हां, डिसेंबर-जानेवारीत खुशाल जा, तिथली खाडी ओलांडायला एक दिरहमात लाकडी होडी मिळते, अब्रा म्हणतात, ती पोरांना बुर्ज खलिफापेक्षा जास्त आवडते. मिस्टरांचे मित्र कुठल्या महिन्यात गेले होते ते आधी विचारून घे.

सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश वर, त्यामुळे ऋतू असा नाहीच, बारा महिने आपल्यासारखीच चिकचिक आणि मधेच धो धो सर. पावसच्या माणसांना पावसाचं काय सांगायचं. तिथला मोठा पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी, जून बरा. फक्त जूनमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी असते म्हणून प्राणीसंग्रहालय वगैरे शनिवार-रविवारी ठेवू नकोस.

पॅकेज नको. पाच रात्रीत दोन देश म्हणजे सिंगापूरच्या हद्दीवर बसमधून उतरून इमिग्रेशनची रांग, परत बसमध्ये, मलेशियाच्या हद्दीवर पुन्हा उतरायचं, तिकडे बॅगा पण काढायच्या, आणि मग क्वालालंपूरपर्यंत पाच-सहा तास बसायचं, तेही साडेतीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन आणि सासऱ्यांचे गुडघे सांभाळत. त्यात रोज सकाळी साडेसातला नाश्ता उरकून लॉबीत हजर. मुलगी रडत उठली की अख्खी बस तुमच्याकडे बघणार. टूरवाल्याला सांग फक्त व्हिसा आणि तिकिटं करून दे. आपल्या पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतोच आणि तो अधिकृत एजंटकडूनच टाकावा लागतो, तेवढं काम त्यालाच करू दे. पॅकेज घेतलंच तर वर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो आयटीआर भरताना वळता होतो पण पैसे आधी जातात हे धरून चाल.

व्हिसा आला म्हणजे झालं असं नाही. पोचायच्या दिवसासकट आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, मुलीचं पण. ते फुकट आहे. गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साइट वर येतात, त्यांच्या नादी लागू नका, सिंगापूर इमिग्रेशनच्या सरकारी साइटवरच भरा.

आता मुक्काम, आणि माझ्या मते निम्मी सहल इथेच ठरते. लहान मूल असलं की दिवसातून दोनदा खोलीवर यावं लागतं, कपडे ओले, झोप, शी, काही ना काही निघतंच. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण हॉटेल एमआरटी म्हणजे तिथल्या मेट्रोच्या स्टेशनपासून मुलीच्या पायांनी पाच मिनिटांवर हवं, तुमच्या पायांनी नाही. तुमच्यासाठी मी लिटल इंडिया किंवा फरेर पार्क म्हणेन. इडली-डोसा पावलोपावली, कोमला विलास तर 1947 पासून चालू आहे, सासूबाई उपाशी राहणार नाहीत. मुस्तफाचं दुकान तिथेच, औषधापासून सुटकेसपर्यंत सगळं एका छपराखाली. तो भाग गजबजलेला आहे, रविवारी संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते, शांतता हवी असेल तर तिथे जाऊ नका हेही सांगते. खोल्या लहान असतात, दोन खोल्या शेजारी-शेजारी द्या असं बुकिंग करतानाच लिहून मागा.

विमानतळावरून तुम्ही पाच जण. साध्या टॅक्सीत चारच मावतात, म्हणजे मोठी गाडी सांगा नाहीतर सरळ एमआरटी घ्या, चांगीहून एक स्टेशन एक्स्पो, तिथे डाउनटाउन लाइनमध्ये बसलात की थेट लिटल इंडिया. सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, बाबागाडी उघडीच ठेवून जाता येतं, बसमध्येसुद्धा. नव्वद सेंटीमीटरच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, पण साडेतीनची मुलगी बहुधा त्याच्या वर गेली असेल, घरी दाराच्या चौकटीला उभं करून मोजून घे. मोठ्यांनी प्रत्येकी वेगळं कार्ड टॅप करायचं, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही, आणि आपलं बँकेचं कार्ड वापरणार असाल तर परदेशातला वापर ॲपमधून आधीच चालू करून ठेवा. गाडीत खाणंपिणं बंद, पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे, बिस्किटाचा पुडा बॅगेतच राहू दे.

ग्रॅब म्हणजे तिथलं ओला-उबर, त्या गाडीचं एक लक्षात ठेव. एक मीटर पस्तीसच्या आतल्या मुलाला त्या खासगी गाड्यांत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच. साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. तेव्हा ॲपमध्ये टॅक्सीच निवडायची.

आता दिवसाचं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. बरेच आईबाप पहिल्या दिवसापासून मुलाला तिथल्या घड्याळावर आणायला बघतात आणि सगळ्यांचाच मूड घालवतात. काही गरज नाही! मुलगी घरी सातला उठते ना, तिथे साडेनऊला उठेल. घरी साडेनऊला झोपते, तिथे बारा वाजतील. वाजू दे. कारण तिथली मजाच अंधार पडल्यावर आहे, आणि अंधार बारा महिने सव्वासातच्या सुमाराला पडतो. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या त्या उंच लोखंडी झाडांचा दिव्यांचा खेळ पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, फुकट, खाली पथारी टाकून आडवं पडून बघायचा, आणि मुलीच्या पोटातल्या घड्याळात तेव्हा सव्वापाचच वाजलेले असणार, म्हणजे एकदम ताजी. नाइट सफारी, म्हणजे रात्रीचं प्राणीसंग्रहालय, पण सव्वासातला सुरू होते. सिंगापूरच्या घड्याळावर आणलेलं मूल नेमकं तिथेच ट्राममध्ये झोपून जातं, भरलेलं तिकीट वाया.

एका दिवशी एकच मोठी गोष्ट. मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. सकाळी आरामात उठून प्राणीसंग्रहालय, तिथे ओरांगउटान डोक्यावरून दोरांवरून जातात, मधे पिंजरा नाही. खातिब स्टेशनवरून तिकडे शटल बस मिळते. दुसऱ्या दिवशी गार्डन्स बाय द बे, पण आधी तिथली चिल्ड्रन्स गार्डन. पाण्याचे फवारे जमिनीतून उडतात आणि पोरं किंचाळत पळत असतात, तासभर सहज जातो, पैसे लागत नाहीत, पोहायचे कपडे आणि टॉवेल घेऊन जा. सोमवारी बंद असते. तिथल्याच क्लाउड फॉरेस्ट या काचघराला तिकीट आहे, आत डोंगराएवढा धबधबा आणि गारवा, सासू-सासऱ्यांना तिथे बसवून तुम्ही पाण्यात भिजा. तिसऱ्या दिवशी बोटॅनिक गार्डन, 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे, हंस बघा, डबे काढा, बस. उरलेल्या वेळात काय तर डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर बसून कुठेही जाऊन परत यायचं. हसू नकोस. आपल्याकडच्या मुलीला सरकता जिना, काचेची लिफ्ट, ड्रायव्हर नसलेली ट्रेन हेच बघायचं असतं, ती तिथे अर्धा अर्धा तास रमेल, तुम्ही घाई केलीत की मात्र रडणार.

सेंटोसा बेट? बीच म्हणून जाणार असाल तर जाऊच नका. ती वाळू बाहेरून आणून टाकलेली, समोर मालवाहू जहाजांची रांग, आणि तुम्ही येताय गणेशगुळ्याच्या किनाऱ्याशेजारून. युनिव्हर्सल स्टुडिओच्या बऱ्याचशा राइड्सना उंचीची अट असते, साडेतीनच्या मुलीला बाहेर उभं राहून बाबांची वाट बघावी लागेल, तो खर्च पाच वर्षांनी करा.

जेवणाची काळजी करू नकोस. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, फिश पॉरिज मिळतं, म्हणजे मऊभातात माशाचे तुकडे, आजारपणातल्या आपल्या पेजेसारखं, मुलगी वाटीभर खाईल. डुकराचं मांस आणि चरबी बऱ्याच पदार्थांत असते, चालत नसेल तर ऑर्डर द्यायच्या आधी विचारा. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेत बसू नका.

आणि सासऱ्यांना नीट बसवून सांगा, चघळायचा तंबाखू सिंगापूरमध्ये नेता येत नाही, बंदी आहे. सासूबाईंची मिश्री पण त्यातच आली. सिगरेटवर सूट नाही, एका पाकिटावरही कर भरावा लागतो, आणि च्युइंगगम पण नको. हे कस्टमच्या काउंटरवर कळण्यापेक्षा पावसमध्येच कळलेलं बरं. आठ दिवस आधीपासून बडीशेपेची सवय लावायला घ्या.

शेवटचं, मुंबई गाठायचं. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, वंदे भारत पण कमी दिवस धावते, आणि कुठे दरड आली तर विचारूच नका. हायवेचं मी काय सांगू. विमानाच्या आदल्या दिवशी ठाणे-डोंबिवली गाठा, तिथे आपलं कुणी ना कुणी असतंच, आंब्याची शेवटची पेटी घेऊन गेलात की कुणी तोंड वाकडं करणार नाही. रात्रीचं विमान घेतलंत तर सकाळी पोचाल आणि खोली मिळेल दुपारी, मधले पाच-सहा तास मुलगी कुठे झोपणार? साडेपाच तासांचाच प्रवास आहे, शक्य असेल तर दिवसाचं विमान बघा.

प्रश्न: आम्ही हर्णैचे, मासेमारीचा धंदा. जून-जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, तेव्हाच काय ती सवड. मुलगा जुलैच्या शेवटी दोन वर्षांचा होईल. त्याला तिकीट लागेल का? आणि पासपोर्टला काय काय लागतं? बायको म्हणते तो मोठा झाला की बघू.

उत्तर: वहिनींना सांगा, पैशाच्या हिशोबाने हीच वेळ बरी. दोन वर्षांच्या आत मांडीवरचं तिकीट असतं, साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट आणि जवळपास पूर्ण भाडं. पण दादा, वाढदिवस कुठे पडतोय ते बघा. जाताना दोनच्या आत आणि येताना दोन पूर्ण असं झालं तर परतीला त्याची सीट घ्यावी लागते. वाढदिवसाच्या आत परत या म्हणजे प्रश्नच मिटला, केक हर्णैला कापा.

पासपोर्टला आधी जन्मदाखला बघा. मुलगा 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेला असल्यामुळे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही. गावाकडे बऱ्याचदा दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते, ते नाव आधी ग्रामपंचायतीत किंवा जिथे नोंद झाली तिथे जाऊन घालून घ्या. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असलं की तिथे पण अडतं. मग ॲनेक्शर डी म्हणजे आईबापांनी सही केलेलं संमतीचं कागद. दोघांचे पासपोर्ट असतील तर सहसा मुलासाठी पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर, मागे पांढरं. दोन वर्षांच्या पोराचा तसा फोटो काढणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम आहे, पांढऱ्या चादरीवर आडवा झोपवून वरून काढा, उभा करायच्या भानगडीत पडू नका. आठ वर्षांच्या आतल्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो आणि बहुतेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात, म्हणजे वापरायला साडेचार धरा.

विमान उतरायला लागलं की कान दुखतात म्हणून मुलं रडतात, तेव्हा अंगावर पाजा नाहीतर बाटली द्या, गिळत राहिला की कान मोकळे होतात. तो झोपला असला तरी उतरायच्या वेळी जागा ठेवलेला बरा.

प्रश्न: ताई, मी कुडाळची. लेक लंडनला हॅरोमध्ये असते. मे महिन्यात मुलगा, पाच वर्षांचा नातू आणि मी चाललोय. सुनेला रजा नाही. लेक म्हणते सगळं महाग आहे, रोज बाहेर पडलात तर पौंड उडतील. घरात बसून पोराने करायचं काय?

उत्तर: आजी, राहायचा खर्च नाही म्हणजे तुमचं निम्मं लंडन फुकट झालं. उरलेलं पण मुलांसाठी फारसं महाग नाही. अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना मोठ्यांसोबत ट्यूब म्हणजे तिथली मेट्रो, बस आणि डीएलआर (ही पण रेल्वेच) फुकट. नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सायन्स म्युझियम फुकट, फक्त वेळ ऑनलाइन बुक करून ठेवा म्हणजे रांगेत उभं राहायला नको. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून भुयारी रस्त्याने थेट म्युझियमकडे निघता येतं, पाऊस असला तरी भिजत नाही. डायनासोर बघून झाले की बाहेर पडा, सगळी दालनं बघायचा हट्ट मुलाच्या बाबांचा असतो, मुलाचा नाही.

केन्सिंग्टन गार्डन्समध्ये डायनाच्या नावाचं खेळाचं मैदान आहे, मधोमध मोठं लाकडी चाच्यांचं जहाज आणि भोवती वाळू. कोरम्स फील्ड्स म्हणून आणखी एक आहे ब्लूम्सबरीत, तिथे मोठ्या माणसाला लहान मूल सोबत असल्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणजे तुम्हाला नातवाच्या ओळखीवर प्रवेश! डीएलआर ही बिनड्रायव्हरची गाडी, पहिल्या डब्यात पुढची सीट पकडून ग्रीनिचपर्यंत जा, नातवाला वाटेल तोच चालवतोय. ट्यूबच्या निम्म्याहून जास्त स्टेशनांत लिफ्टची सोय नाही, तुमच्या गुडघ्यांचा विचार करून शक्य तिथे बस घ्या.

लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस नातू पहाटे अडीच-तीनला टक्क उठून बसेल. त्याच्याशी भांडू नका, दूध-पोहे द्या, खेळणी काढा. पण मेच्या शेवटी तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, नातवाचे डोळे संध्याकाळी पाचलाच मिटायला लागतात आणि बाहेर लख्ख ऊन. लेकीला जाड पडदे लावून ठेवायला सांगा, आणि म्युझियम-बिझियम सगळं सकाळीच उरका.

महत्त्वाचं म्हणजे कागद. नातवाच्या ब्रिटनच्या व्हिसावर तो कुठल्या मोठ्या माणसासोबत प्रवास करतोय ते नोंदलेलं असतं. अर्जात बाबांचा पासपोर्ट नंबर द्याच, तुमचाही देता आला तर बरं. आई येत नाहीये म्हणून तिचं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

प्रश्न: काकू, मालवणातून लिहितंय. आमचो झील एका जाग्यार बसना नाय. तीन वर्षांचो. गर्दीत हरवलो तर काय करूचा?

उत्तर: रोज सकाळी हॉटेलमधून निघताना मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, आजच्या कपड्यांत, चपलेसकट. घाबरल्यावर आईला शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावर बॉलपेनने तुमचा नंबर लिहा, पुढे देशाचा कोड म्हणजे शून्य न लावता एक्क्याण्णव, आणि वरून थोडं पारदर्शक प्लास्टर चिकटवा म्हणजे घामाने जात नाही. ट्रेनमध्ये दार बंद होताना तो आत आणि तुम्ही बाहेर असं झालं तर ठरलेलं असू दे, मोठ्यांपैकी जो आत असेल त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. एकटाच आत राहिला तर लगेच फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं, मागून धावायचं नाही. आणि चढताना एकाने आधी, एकाने शेवटी, झील मधे. पाठीवर बांधायची लगाम-बॅग मिळते, लोक बघतील म्हणून लाजू नका, बघू देत.

प्रश्न: मी गुहागरचा, वय 71. मुलगा-सून चार वर्षांच्या नातीला घेऊन क्वालालंपूरला चाललेत. मी म्हटलं, पोरीला काही आठवणार नाही, एवढे पैसे कशाला? तुमचं मत काय?

उत्तर: काका, तिला आठवणार नाही हे खरंच. पण त्यांना जायचंय, नातीला घरी ठेवून जाववत नाही, आणि ठेवलीच तर सांभाळणार तुम्ही. तेव्हा जाऊ द्या. मलेशियाने आपल्याला 2026 संपेपर्यंत व्हिसा माफ केलाय, तेवढी तरी बचत आहे. फक्त त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, ते भरलंय का तेवढं मुलाला विचारा.

प्रश्न: खाऊ काय न्यावा? सासूबाईंनी करंज्या, लाडू, सुकं खोबरं, लोणचं, तुपाची बरणी असं सगळं काढून ठेवलंय. सिंगापूर किंवा लंडन, अजून ठरत नाहीये.

उत्तर: करंजीच्या सारणात खसखस घातलीये का ते आधी विचार. खसखस सिंगापूरमध्ये आणि अमिरातीत पण बंदीच्या यादीत आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याला ती फक्त सारणातली खमंग गोष्ट, तिथे मात्र अमली पदार्थांच्या खात्याची भानगड. सासूबाईंना म्हण या वेळी बिनखसखसीच्या करा, अनारसे तर अजिबात नकोत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, 2022 पासून आपल्याकडच्या विमानतळांवर मनाई आहे. त्यात तेल एवढं असतं की उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतं. ओलं खोबरं तिथे मिळतंच. लोणचं हातातल्या बॅगेत नको, तेल सुटलेलं असतं म्हणून सिक्युरिटीला काढून ठेवायला लावतात, चेक-इनमध्ये दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाक. लंडन ठरलं तर तूप, पेढे, खव्याचं काही नको, भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, बाळाची दूध पावडर चालते. मुलासाठी खरं उपयोगी काय तर मेतकूट, भाजके पोहे, नाचणीचं सत्त्व, खजूर आणि कुरमुरे. गरम पाणी कुठेही मिळतं, पहिल्या रात्री कंटाळून कुणालाच बाहेर जावंसं वाटत नाही तेव्हा सत्त्व खूप कामाला येतं. औषधांत ताप, उलटी आणि जुलाबाचं तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं, चिठ्ठीसकट.

प्रश्न: हॉटेलच्या खोलीत छोटा कुकर लावता येतो का? नाहीतर सिंगापूरला घरच भाड्याने घेतलं तर? मुलीला मऊभात लागतोच. (देवगड)

उत्तर: सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, पोचल्यावर दार बंद मिळालं तर तक्रार कुणाकडे करणार. स्वयंपाकघर हवंच असेल तर परवाना असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट बघा. तिथल्या प्लगला चौकोनी तीन पिना, लंडन-दुबईला पण तीच, अडॅप्टर एकच पुरतो. हॉटेलात किटली असते, तिच्यात फक्त पाणी उकळायचं, भात नाही, तुमच्यानंतर कुणीतरी त्यातच चहा करणार आहे. आणि कुकर नकोच. छताला धुराचा सेन्सर असतो, तिसऱ्या शिट्टीला अलार्म वाजला की बाराव्या मजल्यापासून सगळे जिन्याने खाली उतरणार आणि मऊभात कुणाचा ते अख्ख्या हॉटेलला कळणार.